२१४७४८३६४७: एका मोठ्या मूळ संख्येचे गुणधर्म स्वतः पडताळून पाहण्याची रीत

मोठ्या मूळ संख्यांविषयी आपण बहुतेक वेळा ऐकीव बोलतो. अमुक संख्या मूळ आहे असं कुठेतरी वाचतो आणि मान डोलावतो. मला वाटतं, निदान एक तरी मोठी मूळ संख्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तपासून पाहावी. त्यासाठी २१४७४८३६४७ इतकी सोयीची दुसरी संख्या मला माहीत नाही. ती दहा अंकी आहे, म्हणजे अंदाजाने किंवा पाढ्यांनी हाती लागणारी नाही. तरीही वही, कॅल्क्युलेटर आणि थोडी चिकाटी असेल तर तिचं मूळपण पूर्ण सिद्ध करता येतं.

अक्षरी लिहायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. तिच्यात १ मिळवला की २१४७४८३६४८ होतात, आणि हा २ चा ३१वा घात आहे. यापुढे घात मी २^३१ असा लिहीन आणि आपल्या संख्येला 'म' म्हणेन. म्हणजे म = २^३१ − १. तिचा शेजारी २ चा घात आहे, ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढे जे जे गुणधर्म येतील, त्यांतले बहुतेक सगळे याच शेजारातून निघतात.

शाळेतलं घातांकांचं गणित आणि भागाकारातली बाकी एवढं येत असेल तर पुरे. शेवटच्या काही पायऱ्यांसाठी संगणकावर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा पारी-जीपी हा गणिताचा प्रोग्रॅम असेल तर उत्तम. एक्सेलवर मात्र विसंबू नका. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक असतं. दहा अंकी संख्येचा वर्ग एकोणीस-वीस अंकी होतो, त्याचे शेवटचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं आणि सगळी बाकी चुकते.

पायरी १: संख्या स्वतः तयार करा

२^१० = १०२४. त्याचा वर्ग २^२० = १०४८५७६. या दोघांचा गुणाकार २^३० = १०७३७४१८२४. दुप्पट केली की २१४७४८३६४८, आणि एक वजा केला की म. हे एकदा कागदावर करा, कारण पुढे हीच युक्ती वेगळ्या रूपात लागणार आहे.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, म लिहिला तर ओळीने एकतीस १ येतात. अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून, १ आणि त्यापुढे दहा वेळा ७ येतात. अशा, २ च्या घातापेक्षा एकाने लहान असलेल्या संख्यांना सतराव्या शतकातल्या मरँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात.

पायरी २: घातांक तपासा

२^न − १ मूळ असायची असेल तर न मूळ असावाच लागतो. कारण साधं आहे. न = क × ख असेल तर २^क − १ ही संख्या २^न − १ ला पूर्ण भागते. उदाहरणार्थ, १५ ला ३ ने भाग जातो म्हणून २^१५ − १ = ३२७६७ ला ७ ने भाग जातो. खरंच, ३२७६७ = ७ × ३१ × १५१.

३१ मूळ आहे, त्यामुळे म ही परीक्षा पास होतो. पण एवढ्यावर थांबू नका, उलटं विधान खरं नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असणं ही फक्त प्रवेशाची अट आहे.

पायरी ३: ऑयलरची यादी

माझ्या मते या लेखातली सगळ्यात मोलाची पायरी ही आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

एखादी संख्या मूळ नसेल तर तिचा एक तरी विभाजक तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतो. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. म या दोघांच्या मध्ये येतो, म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं पुरेसं आहे. पण त्यासुद्धा चार हजार सातशेहून जास्त आहेत. हाताने हे काम कोण करणार?

इथे २ च्या शेजाराचा पहिला उपयोग. समजा एखादी मूळ संख्या 'व' ही म ला पूर्ण भागते. मग २^३१ ला व ने भागल्यावर बाकी १ उरते. २, ४, ८, १६ असे घात घेत त्यांच्या बाक्या लिहीत गेलात तर त्या फेरीने फिरतात आणि एकतिसाव्या ठिकाणी १ येतो. म्हणजे फेरीची लांबी ३१ ची विभाजक असली पाहिजे. ३१ मूळ आहे, म्हणून लांबी १ किंवा ३१. लांबी १ असती तर व ने २ − १ = १ ला भागलं असतं, आणि ते अशक्य आहे. उरली लांबी ३१. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(व − १) ला व ने भागल्यावरही बाकी १ च येते. म्हणून व − १ हा ३१ च्या पटीत असायला हवा. व विषम आहे, तेव्हा व − १ सम, म्हणजे ६२ च्या पटीत.

अजून एक गाळणी आहे. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे व च्या बाक्यांच्या जगात २ ही वर्गसंख्या ठरते. असं फक्त तेव्हाच घडतं जेव्हा व ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. हे जुनं, सिद्ध झालेलं प्रमेय आहे, इथे ते वापरून पुढे जाऊ.

दोन्ही अटी एकत्र करा. ६२ च्या पटीत एक मिळवत चला: ६३, १२५, १८७, २४९. त्यांना ८ ने भागल्यावर ७, ५, ३, १ उरतात, आणि पुढे हाच क्रम पुन्हा. म्हणून व ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च असू शकते. ४६३४० पर्यंत अशा संख्या आहेत फक्त ३७२ (६३ स्वतः मूळ नाही, तो सोडून). त्यांतल्या ३, ५, ७ वगैरेंनी जाणाऱ्या खोडून टाकल्या की मूळ अशा साधारण ऐंशीच उरतात. चार हजार सातशेवरून ऐंशी! १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने याच वाटेने म मूळ असल्याचं सिद्ध केलं. तेव्हा तो पासष्टीत होता आणि त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती.

यादीची सुरुवात करून पाहा: ३११, १३०३, १४८९, २५४३, २७२९, २७९१. तपासताना दहा अंकी संख्येला भागत बसायची गरज नाही. वर्ग करत जा आणि प्रत्येक वेळी बाकी घ्या.

३११ साठी: २^८ = २५६, म्हणजे ३११ पेक्षा ५५ ने कमी, म्हणून बाकी −५५ धरा. त्याचा वर्ग ३०२५, त्यातून ९ × ३११ = २७९९ गेले, उरले २२६. ही २^१६ ची बाकी. २^१५ ची त्याच्या निम्मी, ११३. दोन्हींचा गुणाकार २५५३८, त्यातून ८२ × ३११ = २५५०२ वजा केले की ३६. म्हणजे २^३१ ची बाकी ३६ आणि म ची ३५. भाग जात नाही.

१४८९ साठी तर हे काम तोंडी होतं. २^१५ = ३२७६८, आणि २२ × १४८९ = ३२७५८, म्हणून बाकी १०. २^१६ ची बाकी २०. गुणाकार २००. म ची बाकी १९९. संपलं. वर्गात शिकवणाऱ्या कुणीही हे उदाहरण फळ्यावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. दहा अंकी संख्येबद्दलचा निर्णय दोन ओळींत लागलेला पाहून मुलांचे चेहरे बदलतात.

या गाळणीची ताकद आणखी एका ठिकाणी दिसते. काताल्दी या इटालियन गणितज्ञाने १६०३ मध्ये छापलेल्या ग्रंथात २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांकांना मूळ संख्या मिळते असं म्हटलं होतं. आता आपली पद्धत लावा. २३ साठी यादीतला पहिलाच उमेदवार ४७, आणि ४७ × १७८४८१ = २^२३ − १. २९ साठी दोन्ही अटींत बसणारा पहिला मूळ उमेदवार २३३, आणि तो २^२९ − १ ला भागतो. ३७ साठी पहिला उमेदवार २२३, तोही भागतो. काताल्दीचे तीन दावे पहिल्याच फटक्यात कोसळतात. २३ आणि ३७ चे दावे फर्माने १६४० मध्ये खोडले, २९ चा ऑयलरने. चौथा, ३१ चा, शेवटपर्यंत टिकला. पण काताल्दीकडे त्याची सिद्धता नव्हती, आणि अचूक निघालेल्या अंदाजाला मी सिद्धता मानणार नाही.

ऑयलरनंतर कित्येक दशकं म ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की म पासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (ती पायरी ७ मध्ये येईल) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या कुतूहलापुरत्याच असतात, त्यांचा उपयोग नाही, तेव्हा पुढची शोधायचे कष्ट कोणी घेणार नाही. आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या, २^१३६२७९८४१ − १, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे. ल्यूक ड्युरँटने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेल्या जिम्प्स या प्रकल्पातून शोधली.

पायरी ४: लुका-लेमर कसोटी

घातांक मोठा झाला की ऑयलरची यादीही आवाक्याबाहेर जाते. मग लागते ती एदुआर लुकाने १८७० च्या दशकात शोधलेली आणि डी. एच. लेमरने १९३० च्या सुमारास नेटकी केलेली कसोटी. कृती इतकी लहान आहे की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही.

४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी घ्या. हेच पुन्हा पुन्हा करा, एकूण (घातांक − २) वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. घातांक विषम मूळ असला पाहिजे, एवढीच अट.

आधी लहान संख्यांवर हात बसवा. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन वेळा: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६४ − २ = ६२ ची बाकी ०. मूळ. १२७ साठी पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. आता २०४७ घ्या, जिथे नऊ वेळा करायचं: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. यात २३ किंवा ८९ कुठेच दिसले नाहीत याकडे लक्ष द्या. कसोटी विभाजक न सांगता निकाल देते. २^६७ − १ मूळ नाही हे लुकाने १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण तिचे विभाजक १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे फ्रँक नेल्सन कोलने १९०३ मध्ये शोधले.

आता म कडे. घातांक ३१, म्हणून २९ वेळा. सुरुवात अशी: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथवर म पेक्षा लहानच आहोत. पुढचा वर्ग करून २ वजा केल्यावर येतात २००५९५६५४६८२२७४६११४. याला म ने भागायचं कसं?

भागायचंच नाही. इथे शेजाराचा दुसरा उपयोग. २^३१ ची म ने बाकी १ आहे. म्हणून कोणतीही संख्या २^३१ ने भागा, भागाकार आणि बाकी यांची बेरीज करा, झालं. द्विमान पद्धतीत तर भागाकारही लागत नाही. शेवटचे एकतीस अंक बाजूला काढा आणि उरलेले डावीकडचे त्यांत मिळवा. वरच्या संख्येत भागाकार ९३४०९६३०७, बाकी १८८३०५८१७८, बेरीज २८१७१५४४८५. ती म पेक्षा मोठी आहे, म्हणून एकदा म वजा करा: ६६९६७०८३८. हीच पुढची पायरी. आजचे संगणक कोट्यवधी अंकांच्या मर्सेन संख्या तपासू शकतात, त्यामागे हा सोपेपणाही आहे.

पुढच्या काही संख्या ताळ्यासाठी देतो: १९३७२५९४१९, ४२५४१३६०२, ८४२०१४२७६, १२६९२४२६. तुमच्या याच आल्या तर पुढे जा, नाहीतर इथेच थांबून चूक शोधा, कारण एक अंक चुकला की पुढचं सगळं व्यर्थ. अठ्ठाविसाव्या वेळी ६५५३६ यायला हवेत. आणि ६५५३६ म्हणजे २^१६! त्याचा वर्ग २^३२, वजा २, म्हणजे बरोबर म ची दुप्पट. बाकी शून्य. अठ्ठावीस पायऱ्या वेड्यावाकड्या उड्या मारणारी ओळ शेवटच्या दोन पावलांत अशी शांतपणे जागेवर येते, ते पाहण्यासाठी तरी ही कसोटी एकदा स्वतः चालवा.

सरावासाठी पुढची संख्या २^६१ − १ घ्या, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. ती मूळ आहे हे इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने १८८३ मध्ये दाखवलं. ऑयलरच्या पद्धतीने गेलात तर उमेदवारांची यादी साठ लाखांच्या वर जाते. लुका-लेमरने ५९ पायऱ्या.

पायरी ५: डावीकडचा शेजारी, म − १

म च्या उजवीकडे २ चा घात आहे, तर डावीकडे २१४७४८३६४६. तिचे अवयव पाडा. ती २ × (२^३० − १) आहे, आणि ३० ला भरपूर विभाजक असल्यामुळे हे काम सहज होतं: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. कॅल्क्युलेटरवर गुणून खात्री करा.

हे अवयव कशासाठी? १ ते म − १ मधली एखादी संख्या घेऊन तिचे घात करत गेलं, दर वेळी म ने भागून बाकी लिहिली, तर कधीतरी १ येतो आणि फेरी पूर्ण होते. २ ची फेरी जेमतेम ३१ लांबीची. पण काही संख्यांची फेरी पूर्ण म − १ इतकी लांब असते, म्हणजे १ परत येण्याआधी प्रत्येक बाकी एकेकदा भेटून जाते. अशा संख्येला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. म साठी सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ७ आहे.

हे तपासायला दोन अब्ज घात काढायचे नाहीत. म − १ च्या सात वेगवेगळ्या मूळ अवयवांनी म − १ ला भागा. घातांक मिळतील: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६ आणि ६४८७८६६. ७ चे हे सात घात काढून बाकी पाहा. एकाही ठिकाणी १ येत नसेल आणि पूर्ण म − १ घाताला १ येत असेल, तर फेरी पूर्ण लांबीची आहे. पायथॉनमध्ये घात आणि बाकी एकदम काढणारं 'पॉव' हे फंक्शन तीन संख्या घेतं: पाया, घातांक, भाजक. निकाल क्षणात येतो.

आणि इथे एक फायदा फुकट मिळतो. जिची फेरी म − १ इतकी लांब आहे अशी संख्या सापडणं, हीच म मूळ असल्याची स्वतंत्र सिद्धता आहे. म संयुक्त असता तर इतकी लांब फेरी शक्यच नव्हती. म्हणजे ऑयलरची यादी, लुका-लेमर आणि हे सात घात, अशा तीन वेगळ्या वाटांनी तुम्ही एकाच निष्कर्षाला पोहोचलात.

म ला असे प्रिमिटिव्ह रूट ५३ कोटी ४६ लाख आहेत, म्हणजे सगळ्या बाक्यांच्या जवळपास चौथा हिस्सा. हिशोब: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३०.

पायरी ६: वर्ग आणि वर्गमुळं

म ला ४ ने भागल्यावर ३ उरतात. यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, म कधीही दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेत लिहिता येणार नाही, कारण वर्गाला ४ ने भागल्यावर ० किंवा १ च उरतो आणि दोन वर्गांची बेरीज ३ वर पोहोचत नाही. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. म च्या बाक्यांच्या जगात एखाद्या संख्येचं वर्गमूळ हवं असेल तर तिचा (म + १) ÷ ४ इतका घात काढायचा असतो. म + १ म्हणजे २^३१, म्हणून हा घातांक २^२९. आणि २^२९ वा घात काढणं म्हणजे नुसता एकोणतीस वेळा वर्ग करणं! शेजाराने पुन्हा एकदा काम सोपं केलं.

२ वर करून पाहा. २, ४, १६, २५६, ६५५३६, त्याचा वर्ग २^३२ ची बाकी पुन्हा २. म्हणजे दर पाच वर्गांनी ओळ २ वर परत येते. एकोणतिसाव्या वेळी ६५५३६ हाती येतात, आणि त्यांचा वर्ग २ हे आपण आत्ताच पाहिलं. दुसरी एखादी संख्या घेतलीत तर शेवटी आलेल्या उत्तराचा वर्ग करून अवश्य ताळा करा. सुरुवातीला घेतलेली संख्या परत आली तर वर्गमूळ बरोबर. तिच्याऐवजी तिची ऋण संख्या आली तर समजा की तिला इथे वर्गमूळच नाही.

पायरी ७: परिपूर्ण संख्या

हे थोडक्यात. २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८. या एकोणीस अंकी संख्येचे स्वतःला सोडून सगळे विभाजक मिळवले तर बेरीज तीच संख्या येते, जशी ६ ची १ + २ + ३. युक्लिडने दाखवलं की प्रत्येक मर्सेन मूळ संख्या अशी एक परिपूर्ण संख्या देते. सम परिपूर्ण संख्या फक्त अशाच असतात हे ऑयलरने सिद्ध केलं. ताळा करायचा असेल तर: २ च्या घातांचे विभाजक १ ते २^३०, त्यांची बेरीज म. त्यांची म पट असलेले विभाजक, त्यांचीही बेरीज करा, शेवटी संख्या स्वतः वजा करा.

पायरी ८: संगणकात तिला ओळखा

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना २१४७४८३६४७ पाहताच ओळखीची वाटली असेल. बिट म्हणजे द्विमान पद्धतीतला एक अंक. ३२ बिटांच्या पूर्णांकात एक बिट धन-ऋण चिन्हाला जातं, उरलेली ३१ बिटं सगळी १ केली की म. त्यात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. आणखी एक मिळवलात की बहुतेक यंत्रांवर आकडा उलटून −२१४७४८३६४८ होतो. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही हद्द ओलांडली आणि यूट्यूबने मोजणी ६४ बिटांवर नेली. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटांच्या जुन्या प्रणालींमध्ये हा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. कारखान्यातली जुनी यंत्रं, मीटर, नियंत्रकं सांभाळणाऱ्यांनी ही तारीख आत्ताच तपासून घ्यावी.

ही मर्यादा मूळ संख्या असणं हा योगायोग आहे. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ ला ७ ने भाग जातो हे आपण पाहिलं. ६४ बिटांची, म्हणजे २^६३ − १, तिलाही ७ ने भाग जातो, कारण ६३ ला ३ ने जातो.

पायरी ९: यादृच्छिक संख्यांचं यंत्र

याच योगायोगाचा व्यवहारात उपयोग झाला. संगणकाच्या एका शब्दात, म्हणजे तो एका वेळी हाताळतो तेवढ्या बिटांत, मावणारी मूळ संख्या आणि तिचा प्रिमिटिव्ह रूट हाती असेल तर यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून आल्यासारख्या, वाटणाऱ्या संख्यांची लांबलचक ओळ काढता येते. कल्पना लेमरचीच. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या संगणकशास्त्रज्ञांनी भाजक म आणि गुणक १६८०७ घेऊन 'किमान दर्जाचा' नमुना सुचवला. १६८०७ म्हणजे ७^५. म − १ च्या अवयवांत ५ नाही, म्हणून ७ ची पूर्ण लांबीची फेरी ७^५ लाही मिळते. पायरी ५ इथे कामी आली.

१ पासून सुरू करा आणि दर वेळी १६८०७ ने गुणून म ने बाकी घ्या: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८, ११४४१०८९३०. दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ यायला हवेत. तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे ओळखायची ही ठरलेली खूण आहे. ३२ बिटांतच काम करायचं असेल तर गुणाकार मावत नाही. तेव्हा म = १६८०७ × १२७७७३ + २८३६ असा फोडा. चालू संख्येला १२७७७३ ने भागा, बाकीला १६८०७ ने आणि भागाकाराला २८३६ ने गुणा, पहिल्यातून दुसरा वजा करा, उत्तर ऋण आलं तर म मिळवा. कुठेही हद्द ओलांडली जात नाही.

हे यंत्र खेळांसाठी, शिकण्यासाठी, छोट्या प्रयोगांसाठी वापरा. पासवर्ड, ओटीपी, लॉटरी यांसाठी अजिबात नको. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात, आणि मागच्याही. १६८०७ × १४०७६७७००० ला म ने भागल्यावर बाकी १ येते, म्हणून १४०७६७७००० ने गुणत गेलात की ओळ उलटी चालू लागते. वरच्या पाच संख्यांपैकी शेवटची घेऊन हे करून पाहा. पाच गुणाकारांत तुम्ही १ वर परत याल.